मुकादमाच्या मिशा

हिशेब अगदी सरळ होता. एका पारड्यात बोटाएवढा मासा, दुसऱ्या पारड्यात आयुष्यातले उरलेले सगळे रविवार. एवढा नफा समोर दिसत असताना जो हात आखडता घेतो, तो मंगळवार पेठेत पिठाची गिरण चालवायच्या लायकीचा नाही, असं बाळासो चौगुल्यांचं मत पडलं आणि त्यांनी मासा घेतला.

रविवार अडकले होते लेकीपायी. क्रांती रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकायला गेली आणि जाताना काचेची टाकी नि तिच्यातली जिलेबी बापाच्या गळ्यात घालून गेली. जिलेबी म्हणजे तिनं शाळेत असताना आणलेला गोल्डफिश. पोटानं गोल, रंगानं केशरी, आणि चाल अशी की पाण्यातून नव्हे, पाकातून चालल्यासारखी.

आता मुलगी मासे शिकायला जाते हे बाळासोंना पटलं नव्हतं. त्यांना तिनं बीएड करावं, घराजवळच्या शाळेत लागावं, असं वाटत होतं. त्यावरून आठवडाभर घरात भांडी जरा जास्तच आपटत होती. शेवटी बाळासो बोलून गेले, "एक मासा सांभाळायला चार वर्सं कॉलेज? आम्ही कुठल्या कॉलेजात गेलतो? कोणबी सांभाळतंय की."

क्रांतीनं बॅग भरता भरता वर पाहिलं. "मग सांभाळा, पप्पा. दर रविवारी थोडं पाणी बदलायचं, काच घासायची, तळातली घाण नळीनं ओढायची. मी परत येईपर्यंत जिलेबी धडधाकट असली तर तुमचं खरं. न्हायतर कॉलेज लागतंय असं धरायचं."

त्या दिवसापासून टाकीत मासा राहिला नाही, बाळासोंचा शब्द पोहायला लागला. जिलेबी जरा एका अंगावर कलली तरी ते जेवणावरून उठून टाकीपाशी यायचे.

पण शब्दाला रविवार लागत होता, आणि रविवाराला कोल्हापुरात आधीच भरपूर कामं असतात. सकाळी मटणाच्या दुकानापुढं उभं राहायचं, दुपारी तांबड्या-पांढऱ्याला न्याय द्यायचा, मग आडवं व्हायचं, उन्हं कलली की तालमीच्या कट्ट्यावर जाऊन जगाची झाडाझडती घ्यायची. यात कोपरापर्यंत हात घालून शेवाळ घासणं कुठं बसवणार? बरं, हाताला तो वास राहिला की रश्श्यालाही तोच वास येतो.

रविवारी क्रांतीचा फोन यायचा. तेव्हा बाळासो म्हणायचे, "बरी हायस? जेवलीस? आईकडं देतो." एवढं बोलून फोन राजनंदिनीबाईंच्या हातात. माया कमी होती असं कुणी समजू नये. विषय नव्हता. आणि एक विषय होता तो दोघांनीही न काढायचा ठरवून टाकलेला.

माशांचं दुकान खिजरचं, खासबागेकडच्या बोळात. बाळासोंनी आपली अडचण मांडली तेव्हा त्यानं जाळीनं एक काळपट, ठिपकेदार, चपट्या तोंडाचा जीव पिशवीत टाकला.

"ह्यो सकर घ्या मामा. काचेला चिकटतो, शेवाळ खातो."

"म्हंजे टाकी धुतो."

"शेवाळ खातो म्हटलं मी. धुतो न्हाय म्हटलं."

"बरं, वाढतो किती?"

खिजरनं पिशवी उजेडात धरली. "ह्यात दोन जाती येत्यात, आणि बारीक असताना भलेभले फसत्यात. एकाच्या नाकावर मोठेपणी मिशा फुटत्यात, केसाळ, काट्यागत. तो तुमच्या पंज्याएवढा ऱ्हातो, गरीब. दुसऱ्याला मिशा येत न्हाईत, तो कोपरापर्यंत जातो. वरनं माल मिसळून येतो, त्यामुळं मी आजच काय शब्द देत न्हाय."

माणूस हिशेबाला पक्का असला की त्याला वाक्याचा सोयीचा तेवढाच भाग ऐकू येतो. बाळासोंनी स्वतःच्या भरघोस मिशीवरून पालथी मूठ फिरवली आणि त्यांना ऐकू आलं ते एवढंच की माशाला मिशा फुटतात. मिशीवाला म्हणजे आपल्यातला. त्यांनी पिशवी उचलली.

पहिला आठवडा सोन्याचा गेला. काच लख्ख. बाळासोंनी रविवारी हात कोरडे ठेवून रस्सा ओरपला आणि कट्ट्यावर जाऊन सांगितलं की शिकलेल्या लोकांना साध्या गोष्टी सुचत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात तालमीचे केरबा वस्ताद टाकी बघायला आले. गुडघ्यावर हात ठेवून ते बराच वेळ वाकून बघत राहिले. काच स्वच्छ होती खरी, पण तळाशी काळ्या दोऱ्यांचे ढीग पडले होते.

"बाळासो, ह्यो खातोय त्याच्या दुप्पट घाण करतोय की."

"तळाचं काम त्याच्याकडं न्हाय, वस्ताद."

"मग कुणाकडं हाय?"

बाळासोंनी नळी नि बादलीकडं पाहिलं. वस्ताद म्हणाले, "ह्यो कामगार न्हवं बाबा. ह्यो मुकादम. भिंतीला टेकून बसणार, काम तू करणार."

नाव तिथंच पडलं.

मुकादमाला खायला काही घालायचं असतं, हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. घाण खायला आणलेल्याला आणखी ताट कशाला वाढायचं? काचेवरचं शेवाळ संपलं. मुकादम काही दिवस रिकामी काच चाटत फिरला. मग एका सकाळी राजनंदिनीबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, इकडं या. जिलेबीला काय चिकटलंय बघा."

मुकादम जिलेबीच्या कुशीला तोंड लावून बसला होता. जिलेबी त्याला ओढत टाकीभर फिरत होती. बाळासोंनी चमच्यानं त्याला हुसकला, तेव्हा जिलेबीच्या अंगावर लाल चट्टा दिसला आणि एक खवला निसटून तळाशी गेला.

घराला लागूनच असलेल्या गिरणीपुढं डबे घेऊन बायका उभ्या होत्या. बाळासोंनी पट्टा थांबवला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून लेकीला फोन लावला.

"पप्पा? आईला काय झालं?" क्रांतीनं आधी तेच विचारलं. बापाचा फोन म्हटल्यावर दुसरं काही सुचायचं कारण नव्हतं.

"आई बरी हाय. जिलेबीला चावला."

"कोण?"

मग सकराची सगळी कथा सांगावी लागली. "उपाशी हाय तो, पप्पा. तुम्ही त्याला काय घालता?"

"घालायचं काय? त्यो घाण खातो."

"घाण कुणीच खात न्हाय. शेवाळ संपलं, आता तो जिलेबीच्या अंगावरचा बुळबुळीतपणा चाटतोय. तिच्या जिवावर बेतंल ते. आधी दोघांना येगळं करा. आणि त्याला काकडी द्या, जाड फोड, स्टीलच्या चमच्याला टोचून तळाशी ठेवा. पालक गरम पाण्यातनं काढून द्या. पाण्यात चांगला भिजलेला लाकडाचा तुकडा ठेवा, त्याला खरवडायला लागतंय. आणि लपायला माठाचं फुटकं तोंड. दिवसा लाजतोय तो, दिवा मालवल्यावर खाईल."

"एवढं सगळं?"

"तुम्हीच म्हटलात न्हवं, कोणबी सांभाळतंय."

बाळासो हे ऐकलंच नाही असं दाखवून म्हणाले, "मी फोटू पाठवतो. मिशीवालाच हाय का तेवढं सांग."

फोटो गेला.

"बारीक हाय अजून," क्रांती म्हणाली. "मिशा यायला येळ लागतो. तुम्ही नीट बघत जावा आणि दर रविवारी मला सांगा. कुठं कुठं काय फुटलंय, किती वाढला, काय खाल्लं. सगळं सांगा."

शेजारी राजनंदिनीबाई फोनसाठी हात पुढं करून उभ्या होत्या. तो हात तसाच राहिला, आणि गिरणीपुढच्या बायका डबे ठेवून खाली बसल्या.

मुकादमाला कपडे भिजवायचा प्लॅस्टिकचा टब मिळाला, जिलेबीचा चट्टा भरून आला, आणि बाळासो काकडी घ्यायला स्वतः मंडईत जाऊ लागले. ते कडू काकडी चाखून परत करायचे. घरासाठी त्यांनी कधी भाजी निवडली नव्हती, हे राजनंदिनीबाईंनी दोन-तीनदा मोठ्यानं नोंदवलं. मुकादम पोटभर खायला लागल्यावर त्याला मधे काच घालून पुन्हा टाकीत घेतलं. रविवार मात्र टाकीतच गेला, कारण खाणारा वाढला की धुणं वाढतं. दोन्ही कप्पे मिळून बाळासो आता कोपरापर्यंत नव्हे, खांद्यापर्यंत भिजायचे.

कट्ट्यावर अर्थातच ही गोष्ट पोचली. कुणीतरी म्हणालं की चौगुल्यांनी झाडणाऱ्याला ठेवलं आणि त्यालाच गादी घालून दिली. बाळासोंना ते झोंबलं.

"थोडं थांबा म्हणावं. मिशा फुटल्या की त्याची वाढ थांबती. तोपर्यंत कळ काढायची."

"आणि न्हाय फुटल्या तर?"

"फुटणार. न्हाय फुटल्या तर ही माझी उतरवीन."

मंगळवार पेठेत तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि हा तर मिशीवर घेतलेला. दुसऱ्या दिवसापासून गिरणीत येणारी प्रत्येक बाई ज्वारीचा डबा ठेवण्याआधी विचारू लागली, "काका, मिशा आल्या का?" बाळासो भिंगातून पाहायला लागले. मुकादमाच्या नाकावर काही नव्हतं. पाठीवरचा पर मात्र शिडासारखा उंच व्हायला लागला होता आणि अंगावरची नक्षी वाघासारखी पसरत चालली होती. बाळासोंनी तेही कौतुकानं क्रांतीला सांगितलं. "हं," एवढंच ती म्हणाली.

केरबा वस्तादांनी हयातभर पोरांना मिशा फुटताना बघितलं होतं. त्यांचं निदान तयार होतं. "खुराक कमी पडतोय. पाल्यावर कुणाला मिशा आल्यात? आमची पोरं बघ, थंडाई सुरू केली की ओठावर काळं दिसतंय."

"माशाला थंडाई?"

"दूध नगं. बदाम घाल, घासून."

वस्तादांनी तालमीतले स्वतःच्या वाटणीचे बदाम दिले. बाळासोंनी सहाणेवर ते उगाळले आणि रविवारी सकाळी, मटणाला निघायच्या आधी, टाकीत सोडले. वस्ताद अदबीनं उभे होते. पैलवानाला पहिला खुराक देताना राहावं तसे.

पाण्याचं आधी ताक झालं, मग दूध. त्या दुधात मुकादम कुठं गेला ते कळेना, आणि जिलेबी वर येऊन तोंड उघडमीट करायला लागली.

"क्रांती," बाळासो फोनवर म्हणाले आणि त्यांना रडूच फुटलं. वस्तादांनी फोन घेऊन सगळं सांगितलं. बदाम स्वतःचे होते हे सोडून.

"रडू नका पप्पा, बादली घ्या," पलीकडून आवाज आला. "निम्मं पाणी काढा. नळाचं थेट घालू नका, त्यात औषध असतंय. पिंपातलं कालचं साठवलेलं घाला. हळूहळू. एक बादली झाली की मला सांगा, मग दुसरी."

दुपार टळेपर्यंत बाप बादल्या वाहत होता आणि लेक फोन कानाला लावून प्रत्येक बादलीला हुंकार भरत होती. जिलेबी पुन्हा नीट पोहत खाली गेली, तेव्हा बाळासो जमिनीवरच बसले. त्या दिवशी चौगुल्यांच्या घरात मटण शिजलं नाही. कोल्हापुरात रविवारी एखाद्या घरातून मसाल्याचा वास आला नाही की लोक काळजी करतात. संध्याकाळी शेजारच्या दोन बायका 'सगळं ठीक हाय न्हवं' म्हणून डोकावून गेल्या.

दिवाळीला क्रांती आली. तिनं आधी जिलेबी पाहिली, चट्ट्याची जागा पाहिली, मग मुकादमापुढं बसली. बाळासो मागं हात बांधून उभे. परीक्षेचा निकाल जणू त्यांचाच होता.

"काय वाटतंय?"

तिनं भिंग खाली ठेवलं. "येतील. दम धरा."

मग माशाचं खाणं आणायला म्हणून ती खिजरच्या दुकानात गेली आणि बऱ्याच वेळानं आली. कॉलेजचा विषय दोघांनीही काढला नाही. पण भाऊबीजेच्या दिवशी बाळासोंनी तिला विचारलं, पाण्यातलं औषध उडून जातं म्हणजे नेमकं काय होतं. तिनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं.

उन्हाळा लागेपर्यंत मुकादम मनगट ओलांडून कोपराकडं निघाला होता. त्यानं शेपटीनं माठाचं तोंड फोडलं, मधली काच पाडली, आणि जिलेबी एका कोपऱ्यात अंग चोरून राहायला लागली. पाणी आता बुधवारीही बदलावं लागायचं. मिशांचा पत्ता नव्हता. बाळासोंना मनातून सगळं कळलं होतं, पण मिशीवर शब्द दिलेल्या माणसाला कळून चालत नाही.

क्रांती सुट्टीला यायच्या आदल्या दिवशी त्यांनी निर्णय घेतला. मुकादम रंकाळ्यात. एवढं मोठं तळं, एकाची काय अडचण? तिला सांगायचं की त्यानं टाकीबाहेर उडी मारली. वस्तादांनी स्कूटरवर मागं बसून झाकणाची बादली मांडीवर घेतली. वाटेत बाळासोंनी गाडी खिजरच्या दुकानापुढं लावली, कारण त्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय ही फसवणूक पचणार नव्हती.

"बघ, हे बघ. मिशा कुठं हाईत ह्याला?"

खिजरनं झाकण उचलून आत पाहिलं आणि मनापासून खूश झाला. "वाह. काय सांभाळलाय मामा. असा तयार बिनमिशांचा साधा सकर मी कोल्हापुरात बघितला न्हाय."

"तू मिशीवाला म्हणून दिलास."

"मी म्हटलं, मिशा आल्या तर पंज्याएवढा, न्हाय आल्या तर कोपरापर्यंत. आता कोपर बघा तुमचा." मग त्याचं लक्ष वस्तादांच्या भिजलेल्या धोतराकडं गेलं. "बादली घेऊन कुठं निघालाय? रंकाळ्याला?"

वस्तादांनी झाकण परत लावलं.

"तिकडं न्हाय सोडायचं. तळ्यात ह्याला मारणारं कोण न्हाय. काठ पोखरतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो. ताईंनी मला बजावून ठेवलंय, पप्पा कधीतरी बादली घेऊन येतील, त्यांना तळ्याकडं जाऊ देऊ नका."

"कुठली ताई?"

"तुमची क्रांतीताई. दिवाळीत आल्या होत्या की. म्हणाल्या, पप्पांना सांगू नका, हा साधाच हाय. तुमच्या पहिल्या फोटोतच त्यांनी ओळखलावता."

बाळासो दुकानाच्या पायरीवर बसले. वस्ताद बादली घेऊन उभेच. आत मुकादम एकदा वळला, आणि वस्तादांच्या धोतराचा राहिलेला भागही भिजला.

फोन पहिल्या रिंगला उचलला गेला.

"तुला पहिल्यापास्नं ठावं होतं?"

क्रांतीला काय ते विचारावं लागलं नाही. "व्हय."

"पेठभर माझी मिशी टांगणीला लागली. सांगितलं का न्हाईस?"

फोनमधून वारा ऐकू येत होता. ती बहुतेक खाडीवर कुठंतरी उभी असावी.

"सांगितलं असतं तर तुम्ही आईकडं फोन दिला असता," ती म्हणाली.

असल्या वेळी काय करायचं असतं ते बाळासोंना एकच ठाऊक होतं. "थांब, आईकडं देतो," ते म्हणाले आणि फोन पुढं केला. पुढं केरबा वस्ताद होते, आणि त्यांचे दोन्ही हात बादलीला गुंतलेले होते.

फोन पुन्हा कानाला लावावा लागला.

"बरं," बाळासो म्हणाले, "एवढ्या मोठ्याला किती जागा लागंल, ते सांग."

मुकादम गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात गेला. जुना, मुरलेला हौद. त्यात राजनंदिनीबाई वाकळा भिजवायच्या. त्यांना हे कळलं तेव्हा त्या जे बोलल्या ते वस्तादांनी खालच्या रस्त्यावरून ऐकलं. त्याच संध्याकाळी बाळासो कट्ट्यावर गेले, कुणी विचारायच्या आधी म्हणाले, "न्हाय आल्या," आणि तिथून सरळ न्हाव्याकडं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर क्रांती एसटीतून उतरली, बापासमोरून बॅग घेऊन चार पावलं पुढं गेली आणि थांबली. मागं वळून ती त्यांच्या उघड्या ओठाकडं बघत राहिली. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"पप्पा?"

"ओळखलं न्हाईस न्हवं? मग कसलं तुझं शिक्षण," बाळासो म्हणाले आणि तिची बॅग स्वतःकडं घेतली.

"ओळखलं की. मिशा न्हाईत, म्हंजे तुम्ही अजून वाढणार."

आता शेवटचा हिशेब. हौद गेला तो राजनंदिनीबाईंचा, त्यामुळं वाकळा न्हाणीघरात भिजतात आणि त्याबद्दल घरात रोज ऐकावं लागतं. बदाम गेले वस्तादांचे. दिवाळीत एक खोटं बोलावं लागलं, ते क्रांतीच्या नावावर. खवला गेला तो जिलेबीचा, तो पुन्हा आला. मिशी गेली बाळासोंची. तीही येते आहे, आणि ती कुठवर आली हे विचारायला आता रत्नागिरीहून फोन येतो. रविवार गेले ते सगळे बाळासोंचेच. ते परत आले नाहीत, आणि बाळासोंनी मागितलेही नाहीत. मुकादमानं मात्र कुणाला काही दिलं नाही. तो हौदाच्या भिंतीला टेकून काकडीची वाट बघत असतो.